मालवणच्या बाजारातली स्क्रंची

मालवणच्या बाजारपेठेत बांगड्यांचे एक जुने दुकान आहे. तेथील मालकीणबाई ब्लाउज शिवून उरलेल्या कापडाच्या स्क्रंच्या, म्हणजे केस बांधायचे चुण्यांचे कापडी रबर, स्वतः शिवून ३० रुपयांना एक या दराने विकतात. बरणीवर त्यांनी ‘स्क्रंची’ अशी चिठ्ठी लावली आहे, पण गिऱ्हाईक मागते ते “काकी, कापडाचो रबर वायच दाखवा” असेच.

‘स्क्रंची’ हा शब्द वस्तूला किती चपखल बसतो, हे मला त्यांचे शिवणकाम पाहताना कळले. हातभर लांबीच्या पट्टीची नळी शिवून ती उलटवायची, वीतभर इलॅस्टिक पिनेला अडकवून नाडीसारखे आत ओवायचे आणि दोन्ही टोके जोडली की सारे कापड आपोआप चुण्या पाडत गोळा होते. इंग्रजीतील ‘स्क्रंच’ म्हणजे चुरगळणे; हा शब्द ‘क्रंच’ या, चावताना होणाऱ्या कुरकुर आवाजावरून घडलेल्या शब्दातूनच आला, आणि त्याला लाडका ‘ई’ जोडून वस्तूचे नाव झाले. या वस्तूचे पेटंट अमेरिकेत १९८७ साली रॉमी रेव्हसन या गायिकेला मिळाले. केसांना न ओढणारे बंधन त्यांना हवे होते आणि कल्पना सुचली ती पायजम्याच्या इलॅस्टिकच्या नेफ्यावरून. त्यांनी मात्र या वस्तूला आपल्या कुत्र्याचे, ‘स्कुन्ची’ हे नाव दिले होते. लोकांच्या तोंडी रुळले ते चुण्यांचे नाव, आणि मला तेच अधिक रास्त वाटते, कारण चुण्या नसतील तर उरतो तो साधा रबरच.

खोबरेल लावलेल्या माझ्या दाट केसांवर सुती स्क्रंची दिवसभर टिकते आणि सोडताना एकही केस तुटत नाही. साटिनची दिसते सुंदर, पण येथील दमट हवेत ती घसरत राहते; शिवाय दोन महिन्यांत एकीचे इलॅस्टिक सैल पडले. तक्रार केल्यावर काकींनी शिवण उसवून नवे इलॅस्टिक घालून दिले, त्याचे पैसेही घेतले नाहीत. इलॅस्टिक आधीच थोडे रुंद वापरले तर ही वेळ येणार नाही, असे मी त्यांना सांगितले आहे. अबोलीच्या रंगाच्या सुती कापडाची एक स्क्रंची सांगून ठेवली आहे, ती पुढच्या बाजाराला मिळेल.