चिकणमातीवरचं कोर्ट: काँक्रीट, डांबर की टाइल्स?

परसात कोर्ट करायचं ठरलं की बोलणं लगेच वरच्या रंगावर आणि टाइल्सवर जातं. जमीन चिकणमातीची आणि हवा दमट असेल तर आधी खालची माती बघा. ती पाण्यानं फुगते, सुकली की आकसते. स्लॅबच्या मधोमध ओल फारशी बदलत नाही, पण कडेला प्रत्येक पावसानं आणि उन्हानं बदलते. त्यामुळे कडा वर-खाली होतात आणि भेगा तिथूनच सुरू होतात.

सगळीच चिकणमाती सारखी फुगत नाही, म्हणून तपासणी कराच. प्रयोगशाळेतली चाचणी साधी आहे. चाळलेल्या कोरड्या मातीचे १० ग्रॅमचे दोन भाग घेतात, एक पाण्यात टाकतात, दुसरा रॉकेलमध्ये. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. दिवसभरानंतर दोन्ही नळ्यांतल्या थरांत जो फरक दिसतो, तेवढी ती माती फुगणारी. पुढची सगळी निवड या फरकावर ठरते.

साधं काँक्रीट सगळ्यांच्या ओळखीचं. कडक, सपाट, चेंडूला चांगली उसळी देणारं. पण खालची माती एका बाजूनं उचलली गेली तर ते वाकत नाही, तडकतं. सळया भेग रुंदावू देत नाहीत, पण ती पडायची थांबवत नाहीत. शिवाय १० सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबला साधारण अडीच-तीन मीटरवर जॉइंट, म्हणजे भेग ठरल्या जागीच पडावी म्हणून दिलेले सरळ काप, घ्यावे लागतात. बॅडमिंटन आणि पिकलबॉल दोन्हींचं कोर्ट १३.४ बाय ६.१ मीटरचं असतं, म्हणजे हे जॉइंट थेट खेळायच्या जागेत येतात आणि रंगातूनही पुढे डोकावतात.

यावरचा उपाय म्हणजे पोस्ट-टेन्शन स्लॅब. प्लॅस्टिकच्या आवरणातल्या पोलादी केबल आधी अंथरतात आणि काँक्रीटला ताकद आली की जॅकनं ताणतात. स्लॅब कायम दाबाखाली राहतो, भेगा उघडत नाहीत आणि आख्खं टेनिस कोर्ट मध्ये जॉइंट न घेता होतं. फार फुगणाऱ्या मातीवर टेनिससाठी मी दुसरं काही सुचवणार नाही. मात्र हे काम या तंत्रात मुरलेल्या माणसांकडूनच करून घ्या. जाळीच्या आणि बास्केटच्या खांबांच्या जागा काँक्रीट ओतण्याआधीच पक्क्या करा, कारण नंतर ड्रिल मारताना ताणलेली केबल तुटली तर जिवावर बेतू शकतं.

डांबर बहुधा खर्चाला हलकं पडतं आणि थोडं लवचिक असतं, त्यामुळे जमिनीची किरकोळ हालचाल सोसतं. पण जसजसं जुनं होऊन कडक होत जातं तसतशा भेगा पडतात, भेगांतून पाणी खाली उतरतं आणि खालची माती मऊ होते. कडा तर लवकरच ढासळतात. रोलर आत यायला वाट नसेल तर दबाई अर्धवट राहते, आणि परसात ही अडचण हमखास येते. माती कमी फुगणारी आणि वाट मोकळी, तरच डांबराचा विचार करा.

पॉलिप्रॉपिलीनच्या जाळीदार टाइल्स हा पाया नव्हे, तो वरचा थर आहे. नुसत्या मातीवर किंवा खडीवर त्या टिकत नाहीत, खाली स्लॅब लागतोच. टाइल्स असल्या की स्लॅबच्या बारीक भेगांचा खेळाला त्रास होत नाही, पाऊस थांबल्यावर लवकर खेळता येतं आणि शेवाळ धरलं तर टाइल्स उचलून खालचा स्लॅब धुता येतो. दमट हवेत हे फार मोलाचं. टाइल्सऐवजी थेट स्लॅबवर दिलेल्या अ‍ॅक्रिलिक रंगाचं तसं नाही. खालून येणारी वाफ त्याला फुगे आणते, म्हणून स्लॅबखाली जाड प्लॅस्टिक हवंच आणि रंगाआधी काँक्रीटला २८ दिवस द्यायला हवेत. टाइल्सची उणी बाजू म्हणजे आवाज जास्त होतो आणि टेनिसचा चेंडू मनासारखा उसळत नाही. उन्हात त्या पसरतात, म्हणून कुंपणाशी फट सोडा.

माझं मत स्पष्ट आहे: बॅडमिंटन, पिकलबॉल किंवा बास्केटबॉलच्या छोट्या कोर्टासाठी कडा जाड केलेला सळयांचा स्लॅब आणि वर टाइल्स.

पण यातलं काहीही निवडा, पाण्याची वाट चुकली तर सगळं वाया जातं. चिकणमाती खणून खड्ड्यात खडी भरली की तो बिनभोकाच्या कुंडीसारखा पाणी धरून बसतो, आणि स्लॅबखालची माती महिनोन्‌महिने भिजत राहते. सर्वांत खालच्या कडेला छिद्रांचा पाइप घालून पाणी खरोखरच बाहेर पडेल अशा जागी न्या. तशी जागा नसेल तर खणू नका, न फुगणाऱ्या मुरमाचा भराव घालून कोर्ट जमिनीच्या वर उचला. माती आणि खडीमध्ये जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, नाहीतर खडी चिखलात रुतते. माती फार फुगणारी असेल तर तिच्यात चुना मिसळून तिचं फुगणं कमी करता येतं. प्रमाण बहुधा वजनाच्या ३ ते ८ टक्के असतं, पण ते चाचणीनंच ठरवायचं.

वरचा उतार १ टक्का, आणि तो एकाच दिशेनं, शक्यतो एका लांब बाजूकडून दुसरीकडे. ९ मीटर रुंदीला ९ सेंटिमीटर. खेळताना जाणवतसुद्धा नाही. छपराच्या पन्हाळीचं पाणी कोर्टापासून दूर वळवा. मोठं झाड असेल तर साधारण त्याच्या उंचीइतकं अंतर ठेवा, कारण मुळं मातीतलं पाणी शोषून ती आकसवतात. अ‍ॅक्रिलिक रंग द्यायचा असेल तर त्याआधी कोर्टावर पाणी सोडा आणि उबदार दिवशी तासाभरानं बघा. दोन मिलिमीटरहून खोल डबकं उरलं असेल तर ते आधी भरून घ्या.

खणाई कोरड्या दिवसांत ठरवा, पण माती खडखडीत वाळू देऊ नका. वाळलेल्या मातीवर ओतलेला स्लॅब पहिल्या मोठ्या पावसानंतर उचलला जातो. दबाई करताना ती किंचित ओलसर हवी, मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि हाताला चिखल लागू नये. मध्येच पाऊस आला तर वरचा मऊ थर खरवडून काढा आणि मगच पुढचं काम धरा.