सोलापुरात सात रस्त्याजवळचा मनोविकारांचा दवाखाना : चार स्टार, पाचवा रिसेप्शनने घालवला

मी गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे. बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार उतरतं. त्यावर लिथियमची गोळी चालू आहे, तिनं हात थरथरतो. माझा हात थरथरला की धंदाच बसतो, त्या हिशेबाने हे वाचा.

आधीच्या ठिकाणी थरथर सांगितली की "होईल सवय" म्हणून चिठ्ठी पुढं सरकायची. इथं डॉक्टर मॅडमनी कोरा कागद दिला, त्यावर आतून बाहेर वेटोळं काढायला लावलं. नंतर दोन्ही हात ताणून धरायला सांगितले आणि बोटांकडं नुसतं बघत बसल्या. मग चहाची चौकशी. (आकडा इथं लिहीत नाही, बायको वाचते.) चहाने थरथर वाढते, पण एकदम तोडलात तर रक्तातलं लिथियम चढतं, म्हणून हळूहळू कमी करा म्हणाल्या. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

रक्त तपासल्याशिवाय डोसला हात लावला नाही. रात्री 9 ला गोळी घेतली तर सकाळी 9 ला रक्त द्यायचं, सकाळची गोळी त्यानंतर. हे 12 तास पाळले नाहीत तर रिपोर्ट फसवा येतो. रक्तातल्या लिथियमचा आकडा 0.6 ते 1.0 (mmol/L) च्या दरम्यान असावा, माझा वरच्या काठाला होता. डोस थोडा उतरवला. आता खाकीच्या थरावर खडू सरळ चालतो.

आपल्या उन्हाळ्यावर तर त्या बराच वेळ बोलल्या. पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर घाम गळतो, अंगातलं पाणी आणि मीठ घटलं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि ते अंगावर येतं. म्हणून पाणी भरपूर आणि मीठ मनाने बंद करायचं नाही. कडक भाकरी-शेंगाचटणीला परवानगी मिळाली, तिथंच मी निम्मे स्टार देऊन टाकले होते. कंबर दुखली तर पॅरासिटामॉल चालेल. मेडिकलवाला सहज काढून देतो ती आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक विचारल्याशिवाय नाही. फाईलच्या मागं मराठीत लिहून दिलंय : उलट्या-जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं, मोठी थरथर, यातलं काही दिसलं तर पुढची गोळी न घेता सरळ हॉस्पिटल गाठा. एरवी आपल्या मनाने गोळी सोडायची नाही, आजार उलटतो. थायरॉईड आणि क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) दर 6 महिन्यांनी.

आता पाचवा स्टार. काउंटरवरची मुलगी भरल्या बाकांसमोर "लिथियमवाले काका कोण?" असं ओरडते. समोर आमच्या पेठेतला ओळखीचा माणूस बसलेला, तोही मान खाली घालून. अहो, टोकन नंबर आहेत ना, ते पुकारा! मॅडमच्या कानावर घातलंय.

संध्याकाळी फार थांबावं लागतं, सकाळी जा. लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे. म्हाताऱ्या माणसाला आणणार असाल तर आधी फोन करा, मॅडम खाली येऊन रिक्षातच तपासतात.