मामाच्या नव्या कॉम्प्युटरला अँटिव्हायरस कुठला? डिफेंडर दोन महिने वापरून

मामाचा जुना डबा विंडोज ११ वर जाईना आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्याने टिळक रोडवरून नवा डेस्कटॉप घेतला. दुकानात बिल करतानाच तीन वर्षांचं अँटिव्हायरस लायसन्स गळ्यात मारायला बघत होते, तिथनंच मामाचा फोन, "अगं घेऊन टाकू का?" म्हटलं थांब, रविवारी कोथरूडला येतेच आहे मी.

मामाचं मत तसं आधीच पक्कं होतं, घ्यायचं तर क्विक हील. आणि ते मला कळतं. काटकर बंधूंची कंपनी आपल्या पुण्यातली, कैलास काटकरांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, संजय काटकरांनी व्हायरस काढायचा प्रोग्राम लिहिला, २००७ ला कंपनीचं नावच क्विक हील झालं आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. मामाला त्याचं फार कौतुक आहे आणि मलाही आहे. पण कौतुक वेगळं आणि या मशीनला काय लागतं ते वेगळं. मामा सोसायटीचा खजिनदार, एक्सेलमध्ये मेंटेनन्सचा हिशोब, लाइट बिल, बँक आणि नातवाशी व्हिडिओ कॉल, बास. क्रॅक सॉफ्टवेअर नाही, टोरंट नाही. म्हणून मी म्हटलं विंडोजमध्ये जो मायक्रोसॉफ्ट डिफेंडर फुकट येतो तोच ठेवून बघू.

पहिलं काम, मशीनमध्ये आधीच एक ट्रायल अँटिव्हायरस टाकून दिलेला होता तो काढला. दर तासाला कोपऱ्यात लाल खिडकी, "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे", मामा बिचारा घाबरून कार्ड शोधायला लागला होता. असा दुसरा अँटिव्हायरस चालू असला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तो अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं की डिफेंडर परत कामाला लागतो, लागला का ते विंडोज सिक्युरिटी उघडून बघायचं.

मग अँटिव्हायरस चालतोय का ते बघायला मामासमोर आयकार (EICAR) नावाची टेस्ट फाइल डाउनलोड केली. ही ६८ अक्षरांची साधी टेक्स्ट फाइल असते, काही नुकसान करत नाही, पण जवळपास सगळे अँटिव्हायरस तिला मुद्दाम व्हायरस समजून पकडतात. फाइल उतरते न उतरते तोच गायब. मामाचं पहिल्यांदा समाधान झालं.

खरी परीक्षा मात्र दिवाळीनंतर झाली. मामा सोसायटीच्या नोटिसा प्रिंट करायला पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जातो, आणि तिथल्या कॉम्प्युटरला दिवसभर कुणाकुणाचे पेनड्राइव्ह लागत असतात. घरी येऊन लावला तर डिफेंडरची सूचना, आणि आत बघितलं तर सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट, मूळ फोल्डर हिडन करून टाकलेले. सगळं साफ केलं, फोल्डर परत दिसायला लावले, एकही फाइल गेली नाही. आता नोटीस पीडीएफ करून मेल करतो.

सेटिंग थोडी करावी लागतात, नुसतं आहे तसं ठेवू नका. मामाचं रोजचं अकाउंट स्टँडर्ड केलं, अ‍ॅडमिन वेगळं, पासवर्ड वहीत. यामुळे काहीही इन्स्टॉल व्हायला लागलं की पासवर्ड मागतो आणि मामा मला फोन करतो, हे कुठल्याही अँटिव्हायरसपेक्षा जास्त कामाचं वाटलं मला. दुसरं, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) प्रोटेक्शनमधला कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस, म्हणजे अनोळखी प्रोग्रामला महत्त्वाच्या फोल्डरांत हात लावू न देणारी सोय, हा मुळात बंद असतो, तो चालू केला. याचा त्रास असा की कधीकधी चांगल्या प्रोग्रामलाही डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करू देत नाही, मामाच्या स्कॅनरचं तेच झालं, मग त्याला अलाऊ करावं लागलं. फुल स्कॅनला पण खूप वेळ लागतो, जेवायच्या वेळी लावून द्यायचा. आणि डिफेंडरचा बराचसा जोर क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारण्यावर आहे, त्यामुळे ज्या घरी नेट नसतंच आणि पेनड्राइव्हच फिरतात तिथे मी पैसे देऊन दुसरा घेईन. किंवा घरात समजावणारं कुणी नसेल, अडल्यावर कंपनीला फोन करता यायला हवा असेल, तरी घ्या.

मात्र "बँकेतून बोलतोय, स्क्रीन शेअरचं अ‍ॅप टाका" म्हणणाऱ्यापासून वाचवायचा भरवसा कुठल्याच अँटिव्हायरसवर ठेवू नका, कारण तिथे दार आपणच उघडून देतो. मॉनिटरच्या कडेला १९३० हा सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर चिकटवून ठेवलाय, पैसे गेले तर त्याच मिनिटाला तिथे फोन.

लायसन्सच्या वाचलेल्या पैशात थोडी भर घालून एक बाहेरची हार्ड डिस्क घेतली. मामा दर महिन्याला मेंटेनन्सचे चेक भरून आला की ती लावतो, हिशोब आणि फोटो कॉपी करतो आणि काढून कपाटात ठेवतो. काढायचीच, लावलेली राहिली तर रॅन्समवेअर तिच्यावरही चढतं.