काठमांडूतला स्वयंसेवक कार्यक्रम, काही महिन्यांनंतर: मॉड्यूल पास, खाजा नापास

शुल्क भरून काठमांडूतल्या मुलींना जीवनकौशल्यं शिकवायला नेणाऱ्या एजन्सीच्या पॅकेजमध्ये काय काय असतं ते इथल्या बहुतेकांना पाठ आहे. विमानतळावरून नेणं, एखाद्या कुटुंबात मुक्काम, दोन वेळचा डाळभात, दुभाषी, बारा सत्रांचं जीवनकौशल्य मॉड्यूल आणि फ्लिपचार्ट. ते पुन्हा सांगत नाही. लिहायला बसण्याचं कारण एवढंच की एजन्सीने मधेच कार्यशाळेतला खाजा (म्हणजे नाश्ता) बंद करून बिस्किटांचे पुडे सुरू केले आणि शुल्क मात्र एका रुपयाने कमी केलं नाही. वाद अजून मिटलेला नाही, म्हणून नाव लिहीत नाही.

कोणी म्हणेल, परक्या देशात मुलींना सक्षम करायला गेलात आणि नाश्त्यावर काय भांडता? तर गट कोणाचा आहे ते बघा. ठमेल, गोंगबू, कलंकी भागातल्या दोहोरी साँझ (लोकगीतांची जुगलबंदी चालणारी रेस्टॉरंटं), डान्सबार, खाजाघर आणि मसाज पार्लरमध्ये काम करणाऱ्या १६ ते २२ वयाच्या मुली. काम मध्यरात्रीनंतर संपतं, झोपायला पहाट होते, जाग येते दुपारी. नेपाळी घरात सकाळचा डाळभात नऊ-दहाला होतो, तो यांचा रोजच चुकतो. एक वाजता सत्राला येणारी मुलगी उपाशीपोटी आलेली असते. तिला ‘तणावाचं नियोजन’ शिकवायचं ते बिस्किटाच्या पुड्यावर?

दुसरी गोची म्हणजे खाजा शेवटी देण्याचा नियम. मुली शेवटपर्यंत बसाव्यात हा त्यामागचा हिशेब. होतं उलटंच. दोन तासांच्या सत्रात दीड तास होतो न होतो तोच साहूचा (मालकाचा) फोन येतो आणि जिला खरी गरज असते तीच न खाता उठून जाते. पुढच्या वेळी ती येत नाही. तिसऱ्या-चौथ्या सत्रापासून गळती लागते आणि अहवालात कारण पडतं ‘प्रेरणेचा अभाव’. खाजा आल्या आल्या द्या, पंधरा मिनिटं नुसतं खाऊ द्या, मग सुरुवात करा.

अठरा जणींसाठी प्रमाण: चिउरा दीड किलो, काळे चणे एक किलो (रात्री भिजवून सकाळी शिट्ट्या), अठरा उकडलेली अंडी, अर्धा किलो कांदा, हिरवी मिरची, लिंबू आणि एक लिटर दुधाचा चहा. चिउरा म्हणजे पोहेच, पण आपल्यासारखे भिजवू नका, तिथे कोरडेच खातात. भिजवलेत की लगदा होतो आणि सगळ्या नुसतेच चणे खाऊन उठतात. एकूण खर्च नेपाळी हजार-बाराशे. भारतीय १०० म्हणजे नेपाळी १६० हा दर ठरलेला आहे, म्हणजे आपले सव्वासहाशे ते साडेसातशे. बारा सत्रांचे फार तर नऊ हजार. शुल्काच्या पावतीत ‘समुदाय साहाय्य’ नावाची ओळ असते, ती यापेक्षा कितीतरी मोठी आहे. त्या पैशांत नेमकं काय येतं, हे तीनदा विचारूनही सांगितलं गेलं नाही. दुकानात क्यूआर असेल तर आपलं यूपीआय चालतं, पण मुलींचं बसभाडं रोखच द्यावं लागतं. सुट्टे जवळ ठेवा.

आता मॉड्यूलकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा जीवनकौशल्यांवर ते बेतलेलं आहे. मजकूर चांगला आहे, क्रम चुकलाय. बचत आणि मोबाइल वॉलेटचं सत्र चौथं, कागदपत्रांचं नववं. ईसेवा किंवा खल्ती या वॉलेटचं पूर्ण खातं चालू करायला ओळखपत्र लागतं आणि गटातल्या निम्म्या मुलींकडे नागरिकताच (नागरिकत्वाचं प्रमाणपत्र) नसते. ती सोळाव्या वर्षी मिळते, पण त्यासाठी वॉर्डाची (तिथे ‘वडा’) शिफारस घेऊन आपल्या जिल्ह्याच्या प्रशासन कार्यालयात जावं लागतं. म्हणजे गावी जाणं आलं, घरच्यांना तोंड दाखवणं आलं आणि दोन-तीन दिवसांची मजुरी बुडणं आलं. वडील हयात नसतील किंवा सोडून गेले असतील तर प्रकरण आणखी अडतं. तेव्हा कागदपत्रं दुसऱ्या सत्रात घ्या, वॉलेट दहाव्यात. मधल्या काळात ज्यांना जमेल त्या कागद काढून येतात. नातेसंबंधांच्या फ्लिपचार्टवर लग्नाचं वय मुलींसाठी अजून अठरा छापलंय. नेपाळमध्ये ते मुलगा-मुलगी दोघांनाही २० आहे. स्टिकर चिकटवून दुरुस्त करा.

दुभाष्याबद्दल. हिंदी येत असलेल्या माणसाला सुरुवातीला हा खर्च फुकट वाटतो. हिंदी सगळ्या मुलींना कळते आणि फ्लिपचार्टवरची नेपाळी तर देवनागरीच, आपण सहज वाचतो. महिना-दीड महिन्यात मत बदलतं. हिंदीत विचारलं की उत्तर ‘हाँ’, ‘नहीं’, ‘ठीक है’ एवढंच येतं, कारण त्यांच्यासाठी ती गाण्यांची आणि गिऱ्हाइकांची भाषा आहे. नेपाळीत विचारलं की वाक्यं येतात. गटात तामाङ (स्वतःची भाषा असलेला समाज) मुली जास्त असतील तर दुभाषी तामाङ बोलणारीच मागा. दुभाषी पुरुष दिला तर परत पाठवा, याला अपवाद नाही.

ओळख करून देताना ‘मी मुंबईहून’ असं सहज सांगू नका. या कामात मुंबई हे शहराचं नाव राहत नाही. १९९६ मध्ये मुंबईच्या कुंटणखान्यांतून सुटून परतलेल्या नेपाळी मुलींनी काठमांडूत शक्ती समूह ही संस्था उभी केली. तिला २०१३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गटातल्या कोणाच्या तरी गावात, कोणाच्या तरी घरात ही गोष्ट माहीत असतेच. भारतातून, महाराष्ट्रातून एवढं पुरे.

अनपेक्षितपणे आवडलेलं सत्र म्हणजे परदेशी नोकरीचं. पुस्तकातली पद्धत अशी: नोकरीच्या तीन जाहिराती दाखवा आणि खरी कोणती, खोटी कोणती ते विचारा. ती फसते. मुली आपल्या तोंडाकडे बघून उत्तर देतात. त्याऐवजी त्यांनाच दलाल करा आणि ‘मला दुबईची नोकरी विका’ म्हणा. खोलीचा नूर पालटतो. ‘आधी भिजिट भिसावर (व्हिजिट व्हिसावर) जाऊ, तिकडे बदलून घेऊ’, ‘दिल्लीहून उडायचं, इथे चौकशा फार’, ‘पैसे नंतर पगारातून’ अशी सगळी वाक्यं ओळीने बाहेर येतात. ती फळ्यावर लिहा आणि प्रत्येकासमोर नियम मांडा. २०१५ पासून मलेशिया आणि आखातातल्या सहा देशांसाठी व्हिसा-तिकिटाचा खर्च मालकाने करायचा असतो, मॅनपॉवरला (नोकरभरती करणाऱ्या एजन्सीला) फार तर १०,००० नेपाळी रुपये घेता येतात. श्रम स्वीकृती (परदेशी नोकरीचा सरकारी परवाना) नसेल तर नोकरी कागदावर नाहीच. भारतमार्गे तिसऱ्या देशात नेणारा माणूस नेमकी हीच स्वीकृती चुकवत असतो. या सत्राला दोन तास पुरत नाहीत, दोन भागांत घ्या. पूर्ण मॉड्यूलमध्ये पैसे वसूल करणारं हेच.

हेल्पलाइनची कार्डं वाटू नका. मालक पाकिटं तपासतात. १८ च्या आतल्यांसाठी १०९८ आणि महिला आयोगाचा ११४५, हे दोन नंबर पाठ करून घ्या किंवा फोनमध्ये ‘पार्लर’, ‘टेलर’ अशा नावांनी सेव्ह करायला लावा. एखादीने काही सांगितलं तर खोदून विचारू नका, स्थानिक समुपदेशक दिदीकडे सोपवा. तुम्ही तीन महिन्यांत निघून जाणार, ती तिथेच राहणार.

फोटोंसाठी एजन्सी मागे लागते. पाठमोरे चालतील म्हणतात. चालत नाहीत, कारण वस्तीतली भिंत आणि कुर्ता ओळखणारे पुष्कळ असतात. घरी ‘कपड्याच्या दुकानात काम करते’ असं सांगून आलेल्या मुली असतात या. हातांचे, फळ्याचे फोटो द्या. लहान मुलं घेऊन येणाऱ्याही असतात, कोपऱ्यात गुंद्री (पेंढ्याची चटई) आणि एक मदतनीस हवी. पॅकेजमध्ये ती नाही.

तारखा ठरवताना दसैं-तिहार (तिथला दसरा-दिवाळी) बघून घ्या. मुली गावी जातात, दोन-तीन आठवडे खोली रिकामी आणि शुल्क चालू. साप्ताहिक सुट्टी शनिवारची. गालिचा किंवा गार्मेंट कारखान्यातल्या मुलींचा गट शनिवारीच जमतो, दोहोरीवाल्यांना मधला वार बरा. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या, १५ ते ६५ वयाच्यांना आधारवर सोडत नाहीत.

मुक्काम उत्तम, गरम पाणी बेभरवशाचं. पाचपैकी तीन तारे, खाजा पूर्ववत केला तर चार. शेवटी प्रमाणपत्राचे वेगळे पैसे मागतात, ते देऊ नका. जिथे सत्रं घेतली त्या स्थानिक संस्थेकडून लेटरहेडवर अनुभवपत्र मागा. त्यात गटाचं वय आणि सत्रांचे विषय लिहून घ्या. ते फुकट मिळतं.