बी-३ फ्लाइंग जॅकेट ठाण्यात: दोन हिवाळे, एक पावसाळा

मेंढीच्या कातड्याचं जॅकेट ठाण्यात अंगावर कमी आणि कपाटात जास्त जुनं होतं. १४ महिन्यांच्या वापरानंतर सगळ्यात आधी सांगायचं ते हेच.

जॅकेट बी-३ ची नवी प्रतिकृती, वजन जवळजवळ तीन किलो. मूळ बी-३ अमेरिकेच्या लष्करी हवाई दलानं १९३४ मध्ये घेतलं, आतून उबदार न ठेवता येणाऱ्या बाँबर विमानांसाठी. म्हणून आपल्याकडे ते फक्त चालत्या बाइकवर सोसतं: जानेवारीतली पहाट, घोडबंदर रोड किंवा कसारा घाट. सिग्नलला दोन मिनिटं थांबलं की घाम सुटतो.

लोकर आत, कातड्याची खरखरीत बाजू बाहेर आणि तिच्यावर तपकिरी लेप अशी याची रचना. वय दिसतं ते या लेपावर. तिसऱ्या महिन्यात कोपराच्या आतल्या घडीत केसाएवढ्या रेघा आल्या, मग कॉलर दुमडते तिथे, मग खिशाच्या कडेला. आठव्या महिन्यात त्या रेघांतून खालचं बदामी कातडं डोकावायला लागलं. हा दोष नाही, याच्यासाठीच लोक हे जॅकेट घेतात. बाह्यांवर आणि शिवणींवर घोड्याच्या कातड्याच्या पट्ट्या आहेत, त्या मात्र उलट वागतात. मेंढीचं कातडं भेगाळत मंद होतं, पट्ट्या घासून चकाकतात. आज कोपराजवळ दोन्ही शेजारी बघितले तर वेगवेगळ्या जॅकेटचे तुकडे वाटतात, इतकं ते सुंदर दिसतं.

लेपाचे पापुद्रे सुटत असतील तर मात्र तो जाड, प्लास्टिकसारखा बसवलेला आहे, आणि तो सुटतच जाणार. घेण्याआधी कातड्याची कापलेली कड बघा. आत पांढरी असेल तर प्रत्येक भेग पांढरी दिसेल, तपकिरी असेल तर झीज शोभून दिसेल.

खरी कमजोरी शिवणीत. मेंढीच्या कातड्याचे थर सैल असतात, गाईच्या किंवा घोड्याच्या कातड्याइतका ताण ते सोसत नाही. नेहमीच्या मापाचं घेऊन हँडलकडे हात ताणले की पहिली काख उसवते, म्हणून एक माप मोठं घ्या. दुरुस्ती धारावीतल्या लेदर कारागिराकडून करून घ्या, आणि इंचाला सहा-सातच टाके घालायला सांगा. दाट टाक्यांनी पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग पडते आणि कातडं तिथूनच फाटतं. उसवलेल्या जागी आतून पातळ पट्टी लावून मगच शिवायचं. तेलाचा मारा करू नका. ते लोकरीत उतरतं आणि कातडं आणखी ढिलं पडतं.

कॉलरची लोकर खोबरेल तेलानं चिकटते. तिच्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी झटका आणि कुत्र्याचे केस विंचरायच्या तारेच्या ब्रशनं हलक्या हातानं, टोकाकडून मुळाकडे विंचरा. धुणं, ड्रायक्लीन, हेअर ड्रायर तिन्ही वर्ज्य. भिजलेलं कातडं उष्णतेनं आकसतं आणि पुन्हा मूळ मापावर येत नाही.

आता पावसाळा. जून ते सप्टेंबर हवेतली सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास राहते, आणि लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओल पिऊनही हाताला कोरडी लागते. फसगत होते ती इथे. जुलैच्या शेवटी काखेत आणि कॉलरखाली राखाडी बुरशीचे ठिपके उठले, कारण जॅकेट प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटात होतं. ठिपके गॅलरीत नेऊन कोरड्या ब्रशनं झटकावेत. स्पिरिटचं फडकं लेपावर फिरवू नये, रंग उतरतो. नंतर रुंद लाकडी हँगर, सुती कव्हर आणि आतल्या भिंतीचं कपाट असा बदल केला, दर पंधरा दिवसांनी एसीच्या खोलीत चार तास टांगलं. बुरशी परत आली नाही. पाणी साठवणारे ओलशोषक डबे जॅकेटच्या खाली ठेवू नका. ते सांडले तर खारं पाणी कातड्यात शिरतं.

डांबरगोळ्यांचा वास लोकरीत महिनोन्महिने राहतो. त्याऐवजी महिन्यातून एकदा लोकर फाकवून मुळाशी बघावं. कसरीच्या अळ्या कॉलरच्या घडीत आणि खिशाच्या तळाशी आधी सापडतात. सापडल्याच तर जॅकेट घट्ट पिशवीत बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवावं, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण दिवस पिशवी उघडू नये, म्हणजे दव पिशवीवर जमतं, कातड्यावर नाही.