हंटिंग बूट की गमबूट? पाय कोरडे कशात राहतात ते सांगतो

आधी निकाल सांगतो म्हणजे ज्याला घाई असेल तो मोकळा. अमळनेर, चोपडा, पारोळा पट्ट्यात काळ्या जमिनीत काम असेल तर साडेपाच हजारांचा वॉटरप्रूफ हंटिंग बूट घेऊ नका, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारा साधा गमबूट घ्या. आता का ते सांगतो.

दोन्ही बूट आमच्या घरात आहेत. हंटिंगवाले भाच्याने पुण्याहून ऑनलाईन मागवून पाठवले, मामा रात्री गव्हाला पाणी भरतो, पाय ओले, वर सापाची भीती, पोराचं मन मोठं. ब्रँडचं नाव लिहित नाही, कारण हा रिव्ह्यू त्या जातीच्या बुटाबद्दल आहे, कंपनीबद्दल नाही. पानाफांद्यांची छपाई, आठ इंच उंची, लेस, आत वॉटरप्रूफ पडदा. पहिल्या दिवशी घालून निघालो तर पारावरचे नाना म्हणे, "काय भाऊ, पल्टनमा भरती व्हयी गया का?" शिकारीला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी, त्यामुळे हे बूट इकडे घेणारा एकतर ट्रेकवाला नाहीतर माझ्यासारखा पाणी भरणारा.

तर हा पडदा काय प्रकार आहे. त्यातलं प्रसिद्ध नाव गोर-टेक्स (आमच्या बुटात ते नाही, दुसरंच काहीतरी आहे). १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणून बघत होता, त्या तुटायच्या, शेवटी वैतागून एकीला जोरात हिसका दिला तर ती तुटायच्या ऐवजी लांबच लांब ताणली गेली आणि आत अगणित बारीक छिद्रं पडली. छिद्र इतकं लहान की पाण्याचा थेंब आत शिरत नाही पण घामाची वाफ बाहेर जाते. कल्पना झकास आहे, वादच नाही. पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी पाहिजे ना भाऊ. श्रावणात पाऊस उघडला की कपाशीत नुसता दमट उकाडा असतो, त्यात वरचं चामडं पाणी पिऊन जड झालेलं आणि त्यावर काळ्या चिखलाचा बोटभर थर, मग वाफ जाणार कुठून. बाहेरचं पाणी आत आलं नाही हे खरं, पण मोजा काढला तर पिळण्याइतका ओला, सगळा आपलाच घाम.

हिवाळ्यात हे बरं चालेल असं वाटलं होतं, आणि थोडं चाललंही. शेतीच्या फिडरला आठ तास लाईट, त्यात रात्रपाळी आली की बारं (पिकाची पाण्याची पाळी) रात्रीच द्यावं लागतं, डिसेंबर-जानेवारीत थंडी अशी की चारीतलं पाणी पायाला लागलं की कळ थेट मांडीपर्यंत जाते. तिथे ह्या बुटात पाय गरम राहिले, मान्य. पण रात्री कुठेतरी बांध फुटतो, आपण फावडं घेऊन पळतो आणि पाय सरळ दंडात, म्हणजे पाण्याच्या पाटात जातो, पाणी आठ इंचांच्या वर आणि बुटात तोंडातून धो धो. एकदा आत पाणी गेलं की मग हा वॉटरप्रूफ पडदा उलटा वैरी होतो, आलेलं पाणी बाहेरच जाऊ देत नाही. कागद कोंबा, पंख्याखाली ठेवा, दुसऱ्या दिवशीपण आतून गार लागतो. गमबूट उलटा केला, पाणी ओतलं, फडक्याने पुसला, मोजा बदलला, परत कामाला.

गळतोय का ते घरीच बघायचं असेल तर सोपं आहे. आत वर्तमानपत्र नीट दाबून भरा, वर जड दगड ठेवा आणि बूट गुरांच्या हाळात घोट्याच्या वर बुडेल असा उभा करा, तासाभराने कागद काढा. कागदावर ओला डाग जिथे दिसतो तिथेच गळती. आमच्या बुटाचा डाग बरोबर बोटांमागे, चालताना जिथे घडी पडते तिथल्या शिवणीला होता. नवीन असताना नव्हता, काही महिन्यांनी आला. शिवण म्हणजे सुईची भोकं, आतून पट्टी चिकटवून ती बंद करतात, रोज घडी पडून पडून ती पट्टी उचलते. ह्याच शिवणीने मोठमोठे रडलेत. एल. एल. बीन नावाच्या माणसाने १९१२ मध्ये अमेरिकेत खाली रबर वर चामडं असा शिकारीचा बूट काढला, पहिल्या १०० जोडांपैकी ९० परत आले कारण रबर आणि चामड्याचा जोड फाटला. त्याने सगळ्यांचे पैसे परत दिले आणि बूट सुधारून पुन्हा विकला. आपल्याकडे ऑनलाईनवाला सात दिवसांनी फोन उचलत नाही.

गमबुटाला ती शिवणच नसते, साच्यातून एकसंध निघतो, विषय संपला. मी घेतला तो बाजारातल्या औजारांच्या दुकानातून, पीव्हीसीचा, ४८० रुपये. खऱ्या रबराचा मऊ आणि जास्त टिकतो पण महाग आणि वजनाला जड. पीव्हीसी थंडीत कडक होतो आणि मे महिन्यात ४५ डिग्रीत पत्र्याखाली राहिला तर घडीला चिरतो, म्हणून सावलीत, घडी न घालता उभा ठेवा. आयएस १२२५४ असा शिक्का दिसला तर तोच घ्या, तो पीव्हीसी बुटांचाच मानक आहे. एक नंबर मोठा घ्या आणि जाड सुती मोजा घाला, नाहीतर पिंढरीला काठ घासून लाल होते. घाम गमबुटातपण येतो, भरपूर येतो, म्हणून मधल्या सुट्टीत काढून पाय वाऱ्याला लावायचे आणि दुसरा मोजा खिशात ठेवायचा. पँट पावसात आणि फवारणीला बुटाच्या बाहेर सोडायची, आत खोचली की वरचं पाणी, औषध सगळं ओघळून बुटात जमा. आणि औषध पडलं तर गमबूट धुतला की निघतं, चामडं मात्र ते पिऊन बसतं.

सापाचं वेगळं सांगायला नको. घोणस, नाग, मण्यार, फुरसं, आपल्याकडे चारही आहेत आणि चावा बहुतेक पावलाला नाहीतर घोट्याजवळच बसतो. उंच गमबूट तिथे कामाला येतो, बॅटरी मात्र सोडायची नाही.

हंटिंग बूट फेकला वगैरे नाही. तोरणमाळला गेलो तेव्हा दगडधोंड्यात घोट्याला जी पकड दिली ती गमबूट बापजन्मी देणार नाही, आणि हतनूर धरणाच्या काठाला पहाटे पक्षी बघायला जाणाऱ्या मित्राला दवाच्या गवतात हाच आवडतो. फक्त घेताना दोन गोष्टी बघा, लेसखालची जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत बुटाला शिवलेली पाहिजे, आणि ४०० ग्रॅम, ८०० ग्रॅम असं लिहिलेला घेऊ नका. ते बुटाचं वजन नाही, आतल्या उबदार अस्तराचं चौरस मीटरमागचं वजन आहे, बर्फातल्या लोकांसाठी. जळगावात तो घालून बघा, पाय शिजेल.

दुकानाबद्दल तक्रार एकच. गमबूट सुरूच होतात सहा-सात नंबरपासून. निंदणीला दिवसभर चिखलात उभ्या असतात त्या बाया, आणि त्यांच्या पायात स्लिपर नाहीतर तेपण नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, बाया कुठे घालतात गमबूट. अहो नंबरच ठेवत नाही तर घालतील कशा. आमच्या शेतात येणाऱ्या ताईंचे नंबर विचारून चार आणि पाचचे जोड मागवायला लावलेत, ॲडव्हान्स देऊन टाकलाय, पोळ्याच्या आधी येतील म्हणतो, आले की कसे निघाले ते लिहितो.