मॅपिंगसाठी ड्रोनचं कुठलं ॲप घ्यावं? बॅटरी बदलल्यावर काय होतं ते आधी बघा

ड्रोनने मॅपिंग, म्हणजे वरून ओळीने फोटो काढून जागेचा नकाशा बनवणं, सुरू केलेली मंडळी मला हमखास विचारतात की ऑटोमॅटिक फ्लाइट प्लॅनिंगसाठी कुठलं ॲप घेऊ. मी दोन ॲप भरपूर वापरलीत, पहिलं जवळजवळ दीड वर्ष, दुसरं त्यानंतर आजपर्यंत, आणि मधले काही महिने दोन्ही एकाच ड्रोनवर आलटून पालटून. नावं घेत नाही, कारण अपडेट येतात, मेन्यू बदलतात, आणि मला जे सांगायचंय ते नावापेक्षा वागण्याबद्दल आहे. ओव्हरलॅप म्हणजे शेजारचे फोटो एकमेकांवर किती टक्के येतात ते, आणि ग्रिड म्हणजे ड्रोनने उडायच्या समांतर लाइनी, एवढं माहिती आहे असं धरून चालतो.

पहिलं ॲप दिसायला खरंच छान आहे. कॉम्प्युटरवर वेबसाइट उघडायची, मोठ्या स्क्रीनवर निवांत पॉलिगॉन, म्हणजे कामाच्या भागाची हद्द, काढायचा, उंची आणि ओव्हरलॅप टाकायचा, की लाइनी आपोआप आखल्या जातात, किती फोटो, किती मिनिटं, किती बॅटऱ्या ते लगेच दिसतं आणि फोनवर प्लॅन आपोआप येतो. दुसरं त्यामानाने रुक्ष. राखाडी स्क्रीन, बारीक अक्षरं, सतरा चौकटी, आणि कॅमेरा यादीत नसला तर सेन्सरची रुंदी आणि फोकल लेंथ आपणच भरायची. पहिल्या दिवशी तर मी ते वैतागून बंदच केलं होतं. त्यामुळे फक्त प्लॅन काढण्यापुरतं बोलायचं तर पहिलं ॲप पुढे आहे, यात वाद नाही.

एक मात्र सांगतो, आकडे आपण भरायची ती कटकट नंतर मला आवडायला लागली. माझ्या कॅमेऱ्याला १ इंची, २० मेगापिक्सेलचा सेन्सर आणि ८.८ मिमीची लेन्स आहे, म्हणजे ८० मीटरवरून एक पिक्सेल जमिनीवर साधारण २.२ सेंटिमीटरचा पडतो. सेकंदाला ८ मीटर वेगाने उडालो आणि शटर १/५०० असलं तर फोटो घेता घेता ड्रोन १.६ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे एका पिक्सेलच्या आत, चालतं. ढग आले आणि ऑटो शटर १/२०० वर उतरलं की तेच ४ सेंटिमीटर होतं आणि कडा पुसट दिसायला लागतात. पहिलं ॲप वेग स्वतःच ठरवायचं आणि मी डोळे झाकून मान्य करायचो, दुसऱ्याने मला हा हिशोब करायला लावला.

नकाशावर बोट लावण्याचा त्रास मात्र दोघांतही आहे, कमीजास्त. उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही, बोटाला घाम असतो, नकाशा जरा बाजूला सरकवायला जावं तर नेमका पॉलिगॉनचा कोपरा पकडला जातो आणि बोटाबरोबर तोच सरकतो. कोपरा सरकला की लाइनींचा कोन बदलतो, कोन बदलला की सगळं ग्रिड नव्याने आखलं जातं, आणि पहिल्या ॲपमध्ये हे उडायच्या आधीच्या शेवटच्या स्क्रीनवर सुद्धा होऊ शकत होतं. दुसऱ्यात प्लॅन काढायची स्क्रीन वेगळी आणि उडवायची वेगळी, उडवायच्या स्क्रीनवर कितीही बोटं फिरवा, ग्रिड हलत नाही. एवढीशी गोष्ट, पण माझ्यासाठी मोठी.

आता मुद्द्यावर येतो, ज्या एका गोष्टीमुळे मी पहिलं सोडलं. बॅटरी बदलणं.

एक दगडाची खाण होती, तीन बॅटऱ्यांचं काम. साइड ओव्हरलॅप ७० टक्के ठेवला होता. पहिली बॅटरी मस्त गेली, ड्रोन अकराव्या लाइनवर असताना ॲपने बॅटरी कमी म्हणून परत बोलावलं, उतरला, मी बॅटरी काढली, नवी घातली, प्रॉप (पंखे) एकदा तपासले, चालू केला. तोवर फोनवर "कनेक्शन तुटलं" येऊन ॲप मला प्लॅनच्या यादीवर नेऊन बसलेलं. तोच प्लॅन पुन्हा उघडला तर त्याला आधी लॉगिन ताजं करायचं होतं, आणि खाणीत रेंज एक काडी यायची आणि जायची. फोन हातात धरून मी वर कड्यावर गेलो, रेंज मिळाली, लॉगिन झालं, खाली आलो. प्लॅन उघडला तेव्हा नकाशावर पूर्ण पॉलिगॉन, सगळ्या लाइनी एकाच रंगाच्या, कुठवर उडून झालंय याची कसलीच खूण नाही. खाली एक चौकट, "कुठल्या वेपॉइंटपासून सुरू करायचं?" आणि नकाशावर वेपॉइंटचे, म्हणजे ड्रोनच्या वाटेवरच्या ठरलेल्या बिंदूंचे, नंबर छापलेले नाहीत. मी शांतपणे बोटाने लाइनी मोजल्या, प्रत्येक लाइनीला दोन वेपॉइंट धरले, आकडा टाकला आणि उडवलं. ड्रोन गेला, ओळीने फोटो घेत राहिला, तिसरी बॅटरी सुद्धा तशीच गेली आणि मी समाधानाने सामान आवरलं.

रात्री फोटो प्रोसेसिंगला लावले आणि सकाळी ऑर्थोमध्ये, म्हणजे सगळे फोटो जोडून बनलेल्या नकाशात, खाणीच्या भिंतीजवळ एक पट्टा ओढाताण झालेला, मध्ये चक्क भोक. दोन लाइनी उडालेल्याच नव्हत्या. ७० टक्के ओव्हरलॅप म्हणजे दोन शेजारच्या लाइनींमध्ये फोटोच्या रुंदीच्या ३० टक्के अंतर. एक लाइन राहिली की अंतर ६० होतं, ओव्हरलॅप ४० वर येतो, सपाट शेत असेल तर कदाचित निभावून जाईल. दोन राहिल्या की अंतर ९०, ओव्हरलॅप १०, आणि उभ्या भिंतीपाशी १० टक्क्यांत सॉफ्टवेअरला जुळवायला काही उरतच नाही. परत जावं लागलं, आणि त्या दिवशी ऊन वेगळं, सावल्या दुसऱ्या बाजूला, म्हणून नुसता पट्टा जोडून भागलं नाही, सगळी खाण पुन्हा उडवली.

तुम्ही म्हणाल मोजताना चूक तुमची झाली. झाली, मान्य आहे. पण जे ॲप प्रत्येक फोटो कुठे पडला हे उडताना स्क्रीनवर दाखवत होतं, त्याला उतरल्यावर ते लक्षात ठेवता येऊ नये आणि उन्हात उभ्या माणसाने बोटाने मोजावं, हे मला पटलं नाही आणि आजही पटत नाही. बॅटरी बदलणं ही काही अडचण म्हणून अचानक येणारी गोष्ट नाही, मोठ्या कामात ती दर वीस मिनिटांनी येणारच आहे, आणि ॲपने स्वतःच आधी सांगितलेलं असतं की तीन बॅटऱ्या लागतील.

मला वाटतं यामागे ॲप कसं घडलं ते कारण असावं. त्याचा सगळा कारभार खात्यावर आणि सर्व्हरवर, प्लॅन तिथे राहतो, फोनवर नुसती प्रत येते, आणि ड्रोन बंद झाला की ॲपच्या लेखी ते उड्डाण संपलं. त्यात जुन्या काळाची एक मर्यादा पण होती, डीजेआय या ड्रोन कंपनीच्या जुन्या एसडीकेत, म्हणजे बाहेरच्या ॲपना ड्रोन चालवू देणाऱ्या साधनसंचात, एका मिशनमध्ये ९९ च वेपॉइंट बसायचे, त्यामुळे मोठं ग्रिड तुकड्यातुकड्यांत पाठवावं लागायचं, मग तिसऱ्या तुकड्यातला बारावा पॉइंट म्हणजे अख्ख्या प्लॅनमधला कितवा, हा हिशोब कोणीतरी ठेवायलाच हवा.

दुसऱ्या ॲपमध्ये काय होतं ते सांगतो. ड्रोन उतरतो, मोटर थांबतात, स्क्रीनवर प्रश्न येतो की प्लॅन काढून टाकायचा, ठेवायचा, की शेवटच्या पार केलेल्या वेपॉइंटपासून पुढे सुरू करायचं. मी बॅटरी बदलतो, ॲप बंद करत नाही, ड्रोन चालू झाला की ते स्वतःच पुन्हा जोडून घेतं, उरलेल्या भागाचं मिशन नव्याने बांधून ड्रोनमध्ये चढवतं आणि झालेल्या लाइनी नकाशावर फिक्या दिसतात. मी फक्त एकदा बघून घेतो की सुरुवात जिथे थांबलो त्याच्या थोडी मागे आहे ना, आणि स्क्रीनवरची पट्टी सरकवून उड्डाण सुरू करतो. लॉगिन नाही, रेंज नाही, मोजणी नाही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी मिनिटभर नुसता स्क्रीनकडे बघत होतो. ही काही दुर्मिळ सोय नाही, क्यूग्राउंडकंट्रोल हे जमिनीवरून ड्रोन हाताळायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे ना, पीएक्सफोर आणि आर्डूपायलट या प्रणालींवर ड्रोन उडवणारे वापरतात ते, त्यात पण बॅटरी बदलून मिशन पुढे चालू करायची सोय अशीच आहे. म्हणजे करता येतं, मनावर घेतलं तर.

टेरेन फॉलोबद्दल, म्हणजे जमिनीच्या चढउताराप्रमाणे ड्रोनने उंची बदलण्याबद्दल, थोडं, कारण ॲप निवडताना लोक तेच आधी बघतात. दोन्हीत आहे. पण बरीच ॲप जमिनीची उंची घेतात ती एसआरटीएमच्या डेटातून, जो फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलने ११ दिवसांत गोळा केला, आणि त्याची जाळी साधारण ३० मीटरची. त्यानंतर खणलेली खाण, टाकलेला भराव, बांधलेली इमारत त्यात कुठून येणार. त्या खाणीचा तळ ॲपच्या मते अजून टेकडीच होता. पहिल्या ॲपमध्ये टेरेन फॉलोचं एक बटण, चालू की बंद, बाकी आत काय चाललंय कळत नाही. दुसऱ्यात खाली जमिनीचा आलेख दिसतो आणि त्यावर ड्रोनची रेघ, त्यामुळे कुठे गडबड आहे ते डोळ्यांना दिसतं. खाणीत मी आता टेरेन फॉलो बंदच ठेवतो, सगळ्यात उंच कडेवरून टेकऑफ घेतो आणि तळाला पिक्सेल किती मोठा पडेल ते धरून उडायची उंची ठरवतो.

छोट्या ड्रोनवाल्यांसाठी हिशोब जरा वेगळा आहे. मॅव्हिक मिनी, मिनी २, एअर २एस यांच्यासारख्या ड्रोनमध्ये बाहेरच्या ॲपला मिशन आत चढवता येत नाही, त्यामुळे ॲप स्वतःच सतत रिमोटच्या काड्या हलवल्यासारखे हुकूम पाठवत राहतं. म्हणजे डोकं ड्रोनमध्ये नाही, तुमच्या फोनमध्ये. फोनवर कॉल आला, ॲप मागे गेलं, झाडाआड सिग्नल तुटला, की मिशन तिथेच थांबतं. असा ड्रोन असेल तर दुसऱ्या प्रकारचं ॲप बहुधा तुमच्या कामाचंच नाही, आणि पहिल्यासारखं एखादं घेऊन फोन एअरप्लेन मोडवर ठेवणं हाच मार्ग, फक्त मग लॉगिन निघायच्या आधी झालंय ना ते बघा.

माझा कल कुठे आहे ते एव्हाना कळलंच असेल, पण सगळ्यांनी दुसरंच घ्यावं असं मी म्हणणार नाही. तुमचं काम एका बॅटरीत आटपत असेल, छप्पर, छोटा प्लॉट, एखादी पाण्याची टाकी, तर पहिलं जास्त सुखाचं, दहा मिनिटांत प्लॅन आणि अर्ध्या तासात परत. ज्याला काम दाखवायचं त्याला लिंक पाठवता येते, हे पण दुसऱ्यात नाही, मला आजही फाइली हाताने पाठवाव्या लागतात. दोन-तीन माणसं मिळून काम करत असतील तर सगळ्यांचे प्लॅन एका जागी राहतात हा फायदा मी कमी लेखत नाही. मी स्वतः अजून कधीकधी सीमा पहिल्याच्या वेबसाइटवर काढतो, कारण तिथली सॅटेलाइट इमेज मला जास्त ताजी वाटते, मग केएमएल (सीमेची फाइल) काढून दुसऱ्यात घालतो आणि उडवतो दुसऱ्यातून. पण दोन बॅटऱ्यांच्या पुढचं काम असेल, आणि रेंज नसलेल्या जागी असेल, तर मी दुसऱ्यालाच हात घालतो, त्या चौकटी भरायचा कंटाळा आला तरी.

ठरत नसेल तर विकत घ्यायच्या आधी फुकट मुदतीत एक करून बघा. मोकळ्या जागी छोटा पॉलिगॉन काढा, दहा-बारा लाइनी पुरे. फोनचा डेटा बंद करा. चौथ्या-पाचव्या लाइनवर मुद्दाम आरटीएच (परत बोलावण्याचं बटण) दाबून ड्रोन उतरवा, बॅटरी काढा, आणि लगेच परत न घालता पाच मिनिटं थांबा, कारण खऱ्या कामात तेवढा वेळ जातोच, त्यात फोन पण एकदा लॉक होऊ द्या. मग नवी बॅटरी घालून पुढचं सुरू करा. ॲपने न विचारता बरोबर जागा धरली का, झालेल्या लाइनी वेगळ्या दिसतात का, आणि घरी आल्यावर फोटोंच्या जागा नकाशावर टाकून बघा, जोडाच्या ठिकाणी एखादी लाइन गाळली का, हे तीन बघा. माझ्या पहिल्या ॲपवर ही चाचणी मी सुरुवातीलाच केली असती तर ती खाण दुसऱ्यांदा उडवावी लागली नसती.